सकिनाबीच्या चितऱ्या

सकाळी दाणा टाकला तेव्हा चितऱ्या चारच आल्या. सकिनाबीनं थाळी पुन्हा वाजवून पाहिली, थोडी वाट पाहिली, मग थाळी उंबऱ्यावर ठेवून ती अनवाणीच कोंडीरामच्या बांधाकडं निघाली. बांधावरच्या निवडुंगात तिला भीती होती तेच दिसलं. करड्या पिसांवरचे पांढरे ठिपके मातीत विखुरले होते. अंड्यांची टरफलं पडली होती आणि आतलं सगळं चाटून पुसून नेलेलं होतं. कोल्ह्यानं कोंबडी बसल्या जागी धरली होती.

चार दिवसांमागंच एक अशीच गेली होती. ही दुसरी.

चितरी हे नाव सकिनाबीनंच ठेवलेलं. गावात असली कोंबडी कुणी पाहिली नव्हती. अंग घागरीसारखं गोल, डोकं बोडकं, त्यावर शिंगासारखा उंचवटा आणि ओरडणं असं की तीन आळ्यांपलीकडं कळावं. तिचा नवरा गफार सोलापूरच्या वाटेवरच्या करोडगिरी नाक्यावर शिपाई होता. निजामाचं राज्य गेलं तरी नाका काही वर्षं तसाच राहिला. इकडचा माल तिकडं जाताना अडवायचा, जकात घ्यायची. मग एके दिवशी नाकाही उठला. तिथल्या साहेबानं बंगल्यात हौसेनं या कोंबड्या पाळल्या होत्या. हैदराबादला परत जाताना तो म्हणाला, गफार, ह्या तू घेऊन जा. नोकरी गेली आणि तिच्या जागी एक नर, सहा माद्या घेऊन गफार ट्रकमधून गावी उतरला.

तेव्हापासून तो सडकेच्या कडेला दगडावर बसून असायचा. उमरग्याकडून येणारे ट्रक धूळ उडवत निघून जात. पूर्वी त्यानं आडवा बांबू उचलल्याशिवाय एकही पुढं सरकत नसे. आता कुणी वेग कमी करत नव्हतं. नमाजाला आणि जेवायला तो उठे, बाकी कशाला नाही. गावात कुणाच्या दारात जाणं त्यानं सोडलंच होतं.

सकिनाबी ओच्यात पिसं घेऊन घरी आली तेव्हा तो चहा पीत होता. घरात दोघं दखनीत बोलत.

"अयुब के होटल में दे डालो," तो म्हणाला. उमरग्याच्या मोटार स्टँडवर अयुबचं हॉटेल होतं आणि या कोंबड्यांवर त्याचा केव्हाचा डोळा होता. "कोल्हा खाने से वो खाना अच्छा."

"नक्को जी," सकिनाबी म्हणाली. "पालती बोली, पालतीच."

"रानाचं पाखरू आहे ते. घरात अंडं घालणार न्हाय," तो मराठीत म्हणाला. मन उडालं की तो मराठीत बोलायचा, जणू गावातल्या कुणाशी बोलतोय.

सकिनाबीनं पिसं चुलीत टाकली नाहीत, परसात पुरली. मग कामाला लागली.

तिला एवढं कळून चुकलं होतं की कोल्ह्याशी भांडून उपयोग नाही. कोंबडी कुठं बसते ते कोल्ह्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. आणि नेमकं तेच कळत नव्हतं. घरच्या देशी कोंबडीला अंडं घालायचं असलं की ती कोनाड्यात, टोपलीत, अगदी अंथरुणावर चढून बसते. चितरीचं तसं नव्हतं. सकाळभर चारी जणी नराबरोबर उकिरड्यावर फिरत. ऊन चढलं की एकेक गायब होई आणि दुपार कलताना काही झालंच नाही अशा थाटात परत येई. सकिनाबी मागं गेली की चितरी उगाच मातीत चोच मारत, इकडून तिकडं वळत, तिला भलत्याच बांधावर घेऊन जाई. दोन दिवस तिनं असे रानभर हेलपाटे घातले. पायात कुसळं भरली, हाती काही नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मागं जाणं सोडलं. विळा घेतला, बोरीखाली बसली आणि चितऱ्यांकडं पाठ करून गवत कापू लागली. नजर मात्र तिनं नरावर ठेवली. माद्या दिसेनाशा झाल्या तरी नर कुठं गेला नाही. हिंमतरावाच्या गवताच्या रानाशी एका दगडावर चढून, मान ताठ करून तो उभा राहिला. माणूस गेलं, कुत्रं गेलं की ओरडायचा, एरवी गप्प. चोरानं लपवलेल्या मालापुढं राखण बसवून जागा दाखवून द्यावी, तसं ते झालं. सकिनाबी थेट त्या दगडाकडं चालत गेली. नरानं आकांत मांडला. ती थांबली नाही.

कमरेइतक्या गवतात एक खळगा होता आणि त्यात चितरी बसलेली होती. सकिनाबी वाकली तशी ती नागासारखी फुसकारली. तिच्या पोटाखाली अंडीच अंडी होती, वीसच्या वर. चौघींनी मिळून एकाच जागी घातली होती आणि एकीनं बसायचं मनावर घेतलं होतं.

सकिनाबीला हसू आलं. मग तिनं मान वर करून पाहिलं आणि हसू गेलं. रानाच्या वरच्या अंगाला गवताचे भारे रचून पडले होते. कापणी वरून खाली येत होती. उद्या सकाळी विळे इथंच चालणार होते.

हिंमतराव तिथंच गड्यांना पाणी पाजत होता. गावातला मोठा शेतकरी, साठीला आलेला, बोलायला तोडून. सकिनाबीनं पदर सारखा केला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या सालानंतर तिच्या घरातलं कुणी त्याच्या रानात आलेलं नव्हतं. भांडण काही नव्हतं, पण जाणं-येणं आपोआप तुटलं होतं.

"मालक, एक बाजेएवढं गवत ठेवा," ती म्हणाली. "माझी कोंबडी बसलीय. पिल्लं निघाली की मीच कापून तुमच्या गंजीला आणून टाकते."

"तुमच्या कोंबड्यांनी माझा मूग खाल्ला, भाभी," हिंमतराव म्हणाला. "बोललो का मी?"

"न्हाय बोललात."

"मग आता ऐका. गवत ठेवायला माझी ना न्हाय. पण सगळं रान उघडं होणार आणि मधी एक झुपका राहणार. कोल्ह्याला बोट करून दाखवल्यासारखं व्हईल. पहिल्याच राती कोंबडी जाईल, आणि उद्या तुम्ही म्हणाल हिंमतरावाच्या रानात गेली."

सकिनाबीनं वरच्या अंगाच्या उघड्या रानाकडं पाहिलं. त्याचं खरं होतं.

"दिवस मावळायच्या आत उचला अंडी," तो जरा मऊ आवाजात म्हणाला. "आमी उद्या हितं येणार."

उचलायची म्हणजे ठेवायची कुठं? चितरीचं घरटं हलवलं की ती पुन्हा त्यावर बसत नाही, हे नाक्यावर असताना गफारनं पाहिलेलं होतं. म्हणजे दुसरी ऊब हवी. खुडूक झालेली, अंडी उबवायला बसू पाहणारी देशी कोंबडी हवी, आणि आजच हवी. सकिनाबीच्या खुराड्यात दोन देशी होत्या, दोन्ही रोज अंडी घालत होत्या, खुडूक एकही नाही. ती तशीच गावात शिरली. सारजाबाईच्या दारात विचारलं. तिची कोंबडी खुडूक होती, पण स्वतःच्याच अंड्यांवर बसलेली. कडूबाईनं आदल्याच दिवशी नाकात पीस घालून आपलीची खुडूक मोडली होती. कोंडीरामच्या बायकोनं दारातूनच हात हलवला.

दगडाबाई परसात बादली भरून उभी होती. तिच्या बगलेत तांबूस कोंबडी फुगून घुमत होती. पाण्यात बुडवली की अंगातली धग जाते आणि कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागते. दगडाबाई बुडवणारच होती.

"दगडाक्का, थांबा."

"का गं?"

सकिनाबीनं धापा टाकत सगळं सांगितलं. दगडाबाई उमरग्यापलीकडची, कानडी मुलखातून आलेली, हिशेबाला पक्की. तिनं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"माझी अंड्याची कोंबडी तुझ्या त्या बोडक्या पाखरावर महिनाभर अडकवायची. मला काय?"

"अर्धलीनं घ्या. जेवढी जगतील त्यातली अर्धी तुमची."

"आणि एकबी न्हाय जगली तर?"

"तर माझ्या दोघींतली एक तुम्हाला. आत्ताच निवडून ठेवा."

दगडाबाईनं बादली उपडी केली.

सूर्य टेकायला आला होता. सकिनाबीनं टोपलीत कोंडा भरला, वर जुनं लुगडं घातलं आणि पुन्हा गवतात गेली. चितरीनं तिच्या मनगटावर चोच मारून रक्त काढलं. तिनं लुगड्याचं टोक चितरीवर टाकून तिला धरलं, बगलेत घट्ट दाबलं आणि एका हातानं एकेक अंडं टोपलीत ठेवलं. अंडी गरम होती. नर घरापर्यंत ओरडत मागं आला.

दगडाबाईच्या तांबडीला काळोख्या खोपटात पंधरा अंडी पोटाखाली मावली. तिनं ती पायानं सारखी केली आणि डोळे मिटले. उरलेल्या सहा अंड्यांपैकी दोन सकिनाबीनं रात्री तव्यावर टाकली. चार बाजूला ठेवून त्यांवर कोळशानं रेघ ओढली.

"ये क्या करते?" गफारनं विचारलं.

ती म्हणाली की चितऱ्यांना घरी अंडं घालायला शिकवायचं आहे, ही चार दिसली की त्या तिथंच घालतील. दुपार कलेपर्यंत त्यांना कोंडून ठेवायचं, कारण त्यांची घालायची वेळ तीच. कोंडायचं तर कूड पाहिजे, आणि कुडाला तुराट्या पाहिजेत. आपल्याकडं तर चुलीपुरत्याही नाहीत.

गफार बराच वेळ तिच्या मनगटावरच्या जखमेकडं पाहत राहिला. सकाळी तो दगडावर गेला नाही. दोर खांद्यावर टाकून बाहेर पडला. तो कुठं गेला हे सकिनाबीला दुपारी कळलं, जेव्हा तो डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन आला आणि भारा टाकून पुन्हा निघाला.

"कोण दिया?"

"हिंमतराव." दारातच थांबून तो म्हणाला, "पानी पिलाया. नाके की बात पूछा. और दो भारे हैं."

चार दिवसांत त्यानं परसात डोक्याइतका उंच कूड उभा केला. नाक्यावरचा बांबू कसा बसवत ते त्याला ठाऊक होतं. दार तुराट्यांचं केलं आणि त्याला अडसर तसाच आडव्या बांबूचा बसवला. सकिनाबीनं एका कोपऱ्यात भिंतीला कडब्याच्या पेंढ्या तिरक्या टेकवल्या. आत अंधार झाला. खाली गवताचा खळगा करून तिनं कोळशाच्या रेघेची चार अंडी ठेवली.

चितऱ्यांनी पहिल्या दिवशी कुडाच्या कडेनं येरझाऱ्या घालून एवढा गोंधळ केला की सारजाबाई विचारायला आली, साप निघाला का म्हणून. दुसऱ्या दिवशी दोघी कुडावरून उडून गेल्या. सकिनाबीनं त्यांना संध्याकाळी धरलं आणि प्रत्येकीच्या एकाच पंखाची लांब पिसं कात्रीनं छाटली. रक्त नाही, दुखणं नाही, पण उडायला गेलं की तोल जाई. मग एकीनं रागानं उघड्यावरच अंडं टाकलं आणि ते पायाखाली फुटलं. शेजारीपाजारी म्हणू लागले, सकिनाबी, कशाला पाखरांचा तळतळाट घेतेस. ती फक्त रोज दुपारी आडवा बांबू काढायची आणि रोज सकाळी लावायची.

सातव्या-आठव्या दिवशी ती पेंढ्यांशी वाकली. चार अंड्यांना रेघ होती. पाचव्याला नव्हती. पाचवं गरम होतं.

ती तशीच वाकून राहिली. मग तिनं लाकडी पळीनं एक रेघेचं अंडं काढून घेतलं, हाताचा वास नको म्हणून, आणि नवं तिथंच राहू दिलं. गफारला हाक मारावी वाटली, पण तिनं नाही मारली. चितरी कुडापाशी उभी राहून तिच्याकडं बघत होती.

त्यातली एक मात्र शिकली नाही. पंख छाटलेला असूनही ती तुराट्यांच्या फटीतून निघून जायची. एके सकाळी ती परत आलीच नाही. सकिनाबीनं दोन दिवस शोधलं, तिसऱ्या दिवशी फट बुजवली.

इकडं दगडाबाईच्या खोपटात तीन आठवडे भरले आणि काही झालं नाही. देशी अंड्याला एवढेच दिवस लागतात. दगडाबाई रोज कान लावून ऐके. तांबडी वाळून हलकी झाली होती, तुरा पांढरा पडला होता. दोन-तीनदा उठून बाहेर आली. सकिनाबीनं तिला पुन्हा बसवलं, वर डालगं झाकलं आणि हातानं भिजवलेली कणी खायला घातली.

"अंडी पोचट हायती," दगडाबाई म्हणाली. "उन्हात मेली असतील. माझी कोंबडी मरायच्या आधी काढ."

"आठवडाभर थांबा, अक्का."

"कशावरून थांबू? तुला तरी ठावं हाय का, ह्यांना किती दिस लागतात?"

"न्हाय," सकिनाबी म्हणाली.

नाक्यावर गफारनं खुराडं झाडलं होतं, हलवलेली घरटी पाहिली होती, तेवढंच. साहेबाच्या कोंबड्यांनी तिथं कधी पिल्लं काढलीच नव्हती. गावात दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. दगडाबाई डालगं उचलायला वाकली तसा सकिनाबीनं तिचा हात धरला.

"पाण्यात सोडून बघू. मेली असतील तर म्या स्वतः उचलून फेकते आणि माझी कोंबडी आत्ता आणून देते."

तिनं परातीत कोमट पाणी घेतलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलं. तांबडीच्या पोटाखालून एक अंडं काढून हलकेच पाण्यावर ठेवलं. दोघी परातीच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या. अंडं तरंगत राहिलं. पाणी स्थिर झालं. दगडाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात अंडं हललं. कुणी टिचकी मारावी तसं एका बाजूला झुकलं आणि सरळ झालं. पुन्हा झुकलं.

दगडाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला.

"दुसरं घाल," ती हळूच म्हणाली.

एकेक करून सगळी पाहिली. चार मुकी निघाली, ती बाजूला काढली. अकरा अंड्यांनी पाण्यावर वर्तुळं उठवली. सकिनाबीनं ती पुसून पुन्हा पोटाखाली सरकवली. त्या दिवसापासून तांबडीला दाणा दगडाबाईच घालू लागली, आणि सकिनाबी आली की "आत्ता खाल्लंय तिनं" असं म्हणून तिला परत पाठवू लागली.

दिवाळी तोंडावर आली असताना अकराही पिल्लं निघाली. वाटाण्याएवढी डोकी, तपकिरी पट्टे, तांबडे पाय. जन्मल्या दिवशी पळायला लागली, आणि इतकी वेडी की एक पिल्लू संध्याकाळपर्यंत पाण्याच्या वाटीत बुडून मेलं. सकिनाबीनं वाटी काढून घेतली आणि उथळ ताटलीत खडे भरून पाणी दिलं, नुसती चोच भिजेल एवढं. चार दिवसांनी अवकाळी सरी आल्या. तांबडी आपल्या सवयीनं पिल्लं घेऊन ओल्या गवतात गेली. देशी पिल्लाला काही झालं नसतं, पण यांची अंगं त्या ओलीनं भिजली आणि तीन आखडून मेली. दगडाबाई त्यांना पदरात घेऊन चुलीपुढं बसली होती, तरी वाचली नाहीत.

"माझ्या कोंबडीनं मारली," ती म्हणाली.

"तिला काय ठावं," सकिनाबी म्हणाली. "आता ऊन चढल्याशिवाय सोडायची न्हाय."

आणि सोडली नाही. तांबडीला पिल्लांसकट तिनं आपल्या परसात, कुडाच्या आडोशाला आणलं. सकाळी दव वाळेपर्यंत तांबडी आणि पिल्लं डालग्याखाली कोरड्या राखेवर असायची. गफार उकिरड्याखालची वाळवी खणून आणायचा. पिल्लं त्याच्या तळहातावरून ती टिपत. सडकेवरून ट्रक गेला तर आता तो मान वर करून बघायचा नाही असं नाही, पण बघून झालं की पुन्हा खाली बघायचा.

सात जगली. मान उघडी पडली, ठिपके उमटले, आवाज फुटला. वाटणीच्या दिवशी दगडाबाई डालगं घेऊन आली.

"सातात अर्ध कसं करायचं?" तिनं विचारलं.

"चार तुम्ही घ्या. कोंबडी तुमची बसली."

दगडाबाईनं चार नेली. संध्याकाळी चारी जणी तिच्या छपरावर चढल्या, तिथून सारजाबाईच्या, तिथून सकिनाबीच्या कुडात उतरल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दगडाबाई दारात येऊन उभी राहिली, चेहरा पडलेला.

"ठेव तूच. माझ्याकडं न्हाय राहत ती."

"राहतील," सकिनाबी म्हणाली. "तुमच्याकडं त्यांना घर कुठं हाय? नुसतं छप्पर हाय."

तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, कात्री घेतली आणि गफारला हाक मारली. त्यानं उरलेल्या तुराट्या खांद्यावर घेतल्या, पेंढ्या सकिनाबीनं घेतल्या, आणि तिघं दगडाबाईच्या परसात गेली. दुपारभर काम चाललं. गफार खड्डे खणत होता. दगडाबाईनं एकेक चितरी मांडीवर दाबून धरली आणि सकिनाबीनं तिचा एकच पंख उलगडून पिसं छाटली.

"किती दिस कोंडायचं?" दगडाबाईनं विचारलं.

"दाण्याला तुमच्या हाताशी येईपर्यंत. ओरडतील. लोक बोलतील. उघडायचं न्हाय."

"आणि एखादी ऐकलीच न्हाय तर?"

"एखादी न्हायच ऐकत," सकिनाबी म्हणाली आणि पुढची चितरी धरायला हात पुढं केला. "तिच्या मागं मग आपण जायचं."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही परसांत पेंढ्यांच्या आडोशाला अंडी पडू लागली. चितऱ्या कुडात घालत, तांबडी आणि सकिनाबीच्या देशी कोंबड्या उबवत. रानात घालणारी एक मात्र निघालीच, दगडाबाईच्या वाट्याची. ऊन माथ्यावर आलं की गावाला दिसे, दोन बाया डोक्यावर पदर घेऊन, हातात विळा धरून, हिंमतरावाच्या बांधाला पाठ करून बसल्या आहेत. गवत त्या फारसं कापत नसत.